घरच्या मराठीत विचारलेला प्रश्न

कुंभकोणमहून परत आल्यावर मिरजेत मला सगळ्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. देवळं किती पाहिलीस, आणि तिथली कॉफी खरंच म्हणतात तशी असते का? देवळं मोजायचा नाद मी दुसऱ्याच दिवशी सोडला, कारण त्या गावात रस्ता चुकलेला माणूसही शेवटी देवळाच्याच दारात जाऊन उभा राहतो. कॉफी मात्र अगदी म्हणतात तशीच असते. पण मी गेले होते ते या दोन्हींसाठी नव्हे.

मी शाळांमधून समुपदेशक म्हणून काम करते आणि अधूनमधून शिक्षकांचे वर्ग घेते. वयात आलेल्या मुलामुलींचं मन दुखत असेल तर ते ओळखायचं कसं, आणि त्यांच्याशी बोलायचं कसं, हा विषय. संशोधक मंडळी वर्षानुवर्षं खपून काही शोधून काढतात, ते जाडजूड नियतकालिकांत छापून येतं, आणि तिथून शाळेच्या बाकापर्यंत पोचायला त्याला कुणीतरी डोक्यावरून वाहून न्यावं लागतं. तो हमालीचा भाग आमच्याकडे. माझ्या अशाच एका ऑनलाइन वर्गाच्या शेवटी मोबाइलवर निरोप आला होता: ‘वसुधाबाई, आमच्या गांवास या. राहावयास घर आहे, जेवावयास वाढूं.’ मला वाटलं, कुणी तरी थट्टा करतंय. थट्टा नव्हती. निरोप कुंभकोणममधल्या सुलोचना राव यांचा होता. पन्नाशीच्या, एका शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या, आणि घरात अजून मराठी बोलणाऱ्या.

स्टेशन आणि स्कूटर

पोंगल नुकताच होऊन गेला होता. रेल्वेतून उतरले तेव्हा हवेत सुखद गारवा होता आणि सुलोचनाबाई डोक्यावर हेल्मेट घालून फलाटावरच उभ्या होत्या. “प्रवास सुखाचा जाला कीं?” त्यांनी विचारलं, माझी बॅग खेचून घेतली आणि त्याच श्वासात रिक्षावाल्याशी तमिळमध्ये भांडल्या. बॅग रिक्षाने पुढे गेली, मी त्यांच्या मागे स्कूटरवर.

तंजावरच्या मराठी राज्याबरोबर त्यांचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. भाषा तेवढी घरात राहिली. मी त्यांचं बोलणं इथे लिहितेय ते माझ्या कानाला ऐकू आलं तसं. त्यांचे उच्चार तमिळ वळणाचे, शब्द आपल्या जुन्या बखरीतले, आणि मधेच एखादा शब्द सरळ तमिळ. सुलोचनाबाईंचे यजमान तुळजाराम राव बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना माझी मराठी ऐकायची भारी हौस. मी ‘समुपदेशन’ म्हटलं की ते कानामागे हात धरायचे.

“काय म्हटलांत?”

“म्हणजे... मुलांचं ऐकून घ्यायचं, त्यांना वाट काढायला मदत करायची.”

“त्यास ऐकून घेणें म्हणावें,” ते समाधानाने म्हणाले. “तुमची मराठी सरकारी आहे, बाई.”

पहिल्या जेवणात पिटलं (आपलं पिठलंच) होतं, आंबट भाजी होती आणि डांगर पच्चडी होती, म्हणजे उडदाचं पीठ ताकात कालवून वरून फोडणी. आपल्याकडे डांगर करतात तसंच, फक्त हे जास्त पातळ आणि जास्त चांगलं. मी तिसऱ्यांदा घेत होते तेव्हा आतल्या खोलीतून एक मुलगी आली. सोळा वर्षांची, दोन वेण्या, गोड हसू. सुलोचनाबाईंच्या भावाची मुलगी. (तिला मी इथे पद्मिनी म्हणते. तिचं खरं नाव निराळं आहे, आणि हे सगळं लिहायला तिने आणि घरच्यांनी होकार दिलाय.) आईवडील मस्कतला नोकरीला, म्हणून ती अकरावी-बारावीसाठी आत्याकडे राहत होती. तिने मला वाकून नमस्कार केला, ताटलीत थोडा भात घेतला आणि परत खोलीत गेली.

“अभ्यास,” सुलोचनाबाई म्हणाल्या.

भात फारच थोडा होता. पण मी पाहुणी होते, आणि पाहुण्याने यजमानांच्या घरात आपला धंदा उघडायचा नसतो असं मी मनाशी म्हटलं.

‘ना’ लावायचा नाही

शाळेच्या सभागृहात पंखे मोठ्याने फिरत होते. समोर आसपासच्या शाळांमधले शिक्षक. मी इंग्रजीत बोलायचं, सुलोचनाबाईंनी तमिळ करायचं. माझं एक वाक्य त्यांच्याकडे गेलं की पाच होऊन बाहेर पडायचं, आणि त्यातल्या तिसऱ्यावर सगळे हसायचे. मी काय विनोद केला होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सकाळ मजेत गेली. दुपारी मी मुख्य गोष्टीवर आले. एखादं मूल फार खचलेलं दिसलं तर त्याला जीव द्यावासा वाटतो का, हे त्याला सरळ, त्याच शब्दांत विचारा. विचारल्यामुळे तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. ही भीती आपल्या सगळ्यांना असते, पण संशोधकांनी ती पुन्हा पुन्हा तपासून पाहिली आहे आणि तिला आधार सापडलेला नाही. उलट, पुष्कळ मुलांना कुणीतरी विचारल्याने मोकळं वाटतं.

दोघातिघांनी लिहिता लिहिता पेनं खाली ठेवली.

गणिताचे सेल्वम सर उठले. “मॅडम, बिळात साप आहे की नाही हे बघायला कुणी हात घालतं का?”

“सर, साप असलाच तर ते मूल त्याच्या शेजारीच एकटं झोपतंय.”

सर बसले, पण पटून नव्हे. मग मी जोड्या पाडल्या. एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने विचारायचं. आणि गंमत अशी झाली की तो प्रश्न कुणाच्या तोंडून निघेना. सगळे विचारायचे (सुलोचनाबाई मला मराठी करून सांगत होत्या), “तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना?” शेवटी ‘ना’ लावला की मुलाला कळतं, आपल्याला कोणतं उत्तर हवंय. ते शहाण्यासारखं ‘नाही’ म्हणतं आणि दोघंही सुटतात.

फक्त सुलोचनाबाईंनी तो प्रश्न विचारला. उभ्या राहून, खणखणीत तमिळमध्ये. दाराबाहेर बसलेला शिपाई डोकावून बघायला लागला.

“हां, इतक्या मोठ्याने नको,” मी म्हटलं. सगळे हसले आणि मग एकेकाचं तोंड उघडलं.

पोदुम आणि पोडु

दुसऱ्या दिवशी शनिवार, वर्ग अर्धाच होता. सकाळी वर्गाआधी सुलोचनाबाईंनी मला साक्कोट्टैचं जुनं शिवालय दाखवलं. भाताची कापणी चाललेली शेतं, मधे हिरवी केळी आणि देवळाच्या आवारात आपण आणि कबुतरं एवढेच. आपल्याकडे देवळात शिरल्याबरोबर घंटा वाजवतात. इथे मी घंटा शोधत वर बघत राहिले आणि उंबऱ्याला ठेचकाळले.

वर्ग आटोपून दुपारी महामहम तलावाजवळच्या एका खाणावळीत गेलो. केळीच्या पानावर भात. सुलोचनाबाई फोनवर बोलायला बाहेर गेल्या आणि वाढपी भाताचं भांडं घेऊन आला. तमिळमध्ये पुरे म्हणजे ‘पोदुम’, एवढं मला शिकवलं होतं. मी ठासून म्हटलं, “पोडु, पोडु.” त्याने वाढलं. मी हात आडवा धरून आणखी जोरात म्हटलं, “पोडु!” त्याने हाताला वळसा घालून वाढलं. शेजारच्या पानावरचे आजोबा कौतुकाने माझ्याकडे बघू लागले. सुलोचनाबाई परत आल्या तेव्हा माझ्यासमोर भाताची टेकडी होती आणि वाढपी रसम आणायला धावला होता.

‘पोडु’ म्हणजे ‘वाढ’. तेही आपण नोकराला सांगावं तसं, एकेरीत. तो सगळा भात मी खाल्ला. दुसरा मार्ग नव्हता, आजोबा बघत होते.

मरुदानल्लूर

त्याच दिवशी ऊन उतरल्यावर तुळजाराम राव मला गाडीतून मरुदानल्लूरला घेऊन गेले. तिथे भजनाची जुनी परंपरा आहे, आणि त्या भजनात आपले अभंगही येतात. मृदंग, पेटी, मधे समई, भोवती गोल करून बसलेली माणसं. त्यांतल्या बहुतेकांना मराठीचा एक शब्द कळत नाही, पण ते ‘विठ्ठल’ म्हणतात तेव्हा त्यातला ‘ठ’ असा काही जपून उच्चारतात की मला माझ्या घाईघाईच्या ‘ठ’ची लाज वाटली. तुळजाराम राव डोळे मिटून गात होते.

मध्यंतरात एक वयस्क बाई आल्या आणि त्यांनी तमिळमध्ये काही विचारलं.

“पदूची, आमच्या पद्मिनीची चौकशी करतात,” तुळजाराम राव मला म्हणाले. “ती इथें गात होती. फार गोड. दीपावळीपासून येणें सोडलं.”

“का?”

“पुढील वर्षीं बारावी. मन अभ्यासांत.” मग त्यांचा चेहरा उजळला. “पण पोर उदार हो! तिची सूर धरावयाची श्रुतिपेटी इथल्या एका मुलीस देऊन टाकली. कानांतले आवडते डूल मावसबहिणीस दिले. पोंगलास सायकल शेजारच्या पोरीस. म्हटलं, तुज लागेल कीं? तर म्हणाली, मज आतां कशास?”

ते अभिमानाने सांगत होते. मी मात्र मनातल्या मनात बोटं मोजत होते. मुलीचं जेवण तुटलं होतं, गाणं तुटलं होतं, आणि आता ती आवडत्या वस्तू वाटत सुटली होती. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर काहीच नसेल. तिन्ही एकत्र आल्या तर विचारायचं, हेच मी दोन दिवस त्या सभागृहात सांगत होते.

पाहुणी वगैरे सगळं त्या क्षणी बाजूला पडलं. “आपण जरा लवकर निघू या का?” मी म्हटलं.

स्वयंपाकघर आणि खोली

दिवेलागणीला आम्ही घरी पोचलो. सुलोचनाबाई स्वयंपाकघरात होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, “तिला आत्ता विचारायला हवं.”

त्यांचा हात फोडणीच्या पळीवरच थांबला. “काय विचारावयाचं?”

“तेच. तुम्ही वर्गात विचारलंत ते.”

“ती शाळा, बाई.” त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. “हें घर. दिवा लागला आहे. ही माझी पोर. असं कसं तोंडांतून काढूं?”

काल शिपायाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलणारी बाई ही. मला त्यांचा राग आला नाही. माझ्या घरात, माझ्या मुलाला विचारायची वेळ आली असती तर माझीही जीभ अशीच टाळूला चिकटली असती.

“मी विचारते,” मी म्हटलं. “तुम्ही फक्त बरोबर बसा.”

पद्मिनी पलंगावर पुस्तक उघडून बसली होती. पान उलटत नव्हती. मी खाली चटईवर बसले, सुलोचनाबाई दाराला टेकून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, पदू, तू जेवत नाहीस, गात नाहीस, तुझ्या लाडक्या वस्तू देऊन टाकल्यास हे ऐकलं, आणि मला तुझी काळजी वाटते. ती तिचं ते गोड हसू हसली. मग मी नीट, शांतपणे, शिकवल्याप्रमाणे विचारलं:

“तुला कधी स्वतःला संपवावं असं वाटतं का?”

ती गोंधळली. “संपवणें? नाहीं मावशी, अजून पुष्कळ आहे. फिजिक्सचे दोन धडे, केमिस्ट्रीचं सगळं...”

तिला वाटलं, मी अभ्यासाबद्दल विचारतेय. माझी सरकारी मराठी! माझ्या वाक्यात एकही शब्द चुकीचा नव्हता, आणि एकही तिच्यापर्यंत पोचला नव्हता. तिची मराठी म्हणजे जेवण, आंघोळ, दिवा, देव आणि आत्या. ‘संपवणं’ या शब्दाला आपण मिरजेत जो काळोखा अर्थ लावला आहे तो त्या घरात कधी आलाच नव्हता. मी इंग्रजीकडे वळणार होते, पण इंग्रजी तिची परीक्षेची भाषा, आणि परीक्षेच्या भाषेत मूल बरोबर उत्तर देतं, खरं देत नाही.

मी दुसरं वाक्य जुळवत असतानाच सुलोचनाबाई पुढे आल्या. पलंगावर बसल्या. पद्मिनीची वेणी हातात घेतली, जणू उलगडायला, आणि वेणीकडेच बघत म्हणाल्या,

“पदू, मरून जावं असं वाटतं कीं तुज?”

एवढंच. शेवटी ‘ना’ लावला नाही.

मुलीचं हसू गेलं. ते जाताना मी पाहिलं, आणि मला कळलं की ते किती दिवस जड ओझ्यासारखं तिने तोंडावर धरून ठेवलं होतं.

“वाटतं,” ती म्हणाली. “रोज.”

सुलोचनाबाई रडल्या नाहीत. तुज काय कमी आहे, असं म्हणाल्या नाहीत. आईवडिलांची, देवाची आण घातली नाही. त्यांनी वेणी सोडवत विचारलं, “केव्हांपासून?” आणि मग तास-दीड तास बहुतेक ऐकतच राहिल्या. मी मधे दोनचार प्रश्न विचारले, जे अशा वेळी विचारावेच लागतात, आणि तिने त्यांची खरी उत्तरं दिली. कारण एकच नव्हतं, ते कधी एकच नसतं. मस्कतचे आईबाप, डॉक्टर होण्याची सगळ्यांनी धरलेली आशा, तुटलेली एक मैत्री, आणि या सगळ्यावर पसरलेला एक करडा थर, ज्यात भात आणि भजन सारखंच बेचव लागत होतं. “सगळे म्हणत होते, पदू किती शहाणी,” ती म्हणाली. “म्हणून सांगतां येईना.”

त्या रात्रीच मस्कतला फोन झाला. आत्याने गादी उचलून तिच्या खोलीत टाकली, घरात काय कुठे ठेवायचं आणि काय ठेवायचं नाही हे आम्ही पाहिलं. ओळखीतून तंजावरच्या एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी रविवार असूनही सकाळी बोलावलं.

पुढचे दिवस

आम्ही तिघी तंजावरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी पद्मिनीला एकटीला आत घेतलं, मग आत्याला. औषध सुरू झालं, दर आठवड्याला भेटायचं ठरलं, आणि रोज एक छोटीशी गोष्ट करायची असं ठरलं, मन होवो न होवो. मन होण्याची वाट बघत बसायचं नाही, आधी पाऊल टाकायचं, मन सावकाश मागून येतं. यामागेही पुष्कळ अभ्यास आहे. पद्मिनीने पहिल्या दिवसासाठी झाडांना पाणी घालणं निवडलं. पुढचं सगळं डॉक्टरीणबाईंवर सोपवून मी पुन्हा पाहुणी झाले.

तुळजाराम रावांना हे सगळं झेपायला वेळ लागला. ते तिच्या उदारपणाचं कौतुक करत होते, हे त्यांच्या मनातून जाईना. मी त्यांना सांगितलं की बाहेरून ते तसंच दिसतं. त्यावर त्यांनी निराळाच उपाय काढला. पद्मिनी विहिरीकडे गेली की ते विहिरीकडे, ती तिण्णैवर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, बसली की ते पेपर घेऊन शेजारी. सोमवारी तिने कुंड्यांना पाणी घातलं तेव्हा हे मागे छत्री धरून उभे. शेवटी ती ओरडली, “मामा, न्हाणीत तरी एकटी जाऊं द्या!” इकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. मामा छत्री मिटून आत आले आणि मला कुजबुजत म्हणाले, “रागावली. बरं लक्षण कीं?”

“बरं आहे,” मी म्हटलं. “पण लगेच सगळं बरं झालं असं समजू नका. मागे-पुढे होईल.”

वर्गाच्या शेवटच्या दिवशी सुलोचनाबाई घरातलं काहीच बोलल्या नाहीत, बोलायचं कारणही नव्हतं. त्यांनी फक्त त्या प्रश्नाचं मी छापून आणलेलं तमिळ भाषांतर फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांना विचारलं, “तुमच्या घरी असं बोलतात का?” कुणीच तसं बोलत नव्हतं. मग अर्धा दिवस वादावादी. एका शब्दाला खेड्यातल्या शाळेचे शिक्षक हरकत घेत, दुसऱ्याला शहरातले. सेल्वम सरांनी फळा दोनदा पुसला. शेवटी जे वाक्य उरलं ते इतकं साधं होतं की मलाही कळलं. मी माझ्या वहीतलं वाक्य खोडलं. मिरजेला आल्यावर मी तोच उद्योग मराठीत सुरू केलाय, आणि ‘स्वतःला संपवणं’ आता आमच्या वर्गातून हद्दपार आहे.

निघताना पद्मिनी दारापर्यंत आली. तिचे डोळे अजून थकलेले होते. तिने केळीच्या पानात बांधलेली इडली दिली आणि म्हणाली, “गाडींत पोडु म्हणूं नका.” आत्याने ती गोष्ट सगळ्या गल्लीला सांगितली होती.

जूनमध्ये एका संध्याकाळी सुलोचनाबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, मधले महिने बरे गेले, पदूने अकरावीची परीक्षा दिली, दोनदा मरुदानल्लूरला गाऊनही आली. पण गेला आठवडा वाईट होता. “आज सकाळीं मी कॉफी गाळत होतें, तर पदू येऊन पाठीशीं उभी राहिली.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, आत्या, आज पुन्हां तसं वाटतं. माझ्याजवळ बैस.”

“मग?”

“बसलें. डॉक्टरीणबाईंस फोन केला, दुपारीं जाऊन आलों. आतां निजली आहे.” मग त्या एकदम हसल्या आणि रडल्याही. “वसुधाबाई, मी विचारलंच नव्हतं हो. तिनें आपण होऊन सांगितलं.”